परबकाकांची खोटी दुखणी

माझं काम काय होतं, हे आजवर एकाही नातेवाइकाला मला धड समजावून सांगता आलेलं नाही. "नर्स होते" म्हटलं की लगेच विचारतात, "कुठल्या वॉर्डात?" वॉर्डात मी पहिली काही वर्षंच होते. नंतरची बरीचशी नोकरी परळच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत, खोट्या रुग्णांना आजार वाटण्यात गेली. एका लग्नात धाकट्या जावेच्या भावाने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही बाहुल्यांच्या नर्स?" मी हो म्हणून टाकलं. पंगत बसत होती.

दहीहंडीच्या आधी महिनाभर आमच्या लालबागच्या गल्लीत पोरं थर लावायला शिकतात. कोसळतात, पुन्हा चढतात, आणि हे सगळं हंडी बांधायच्या आधी. बँडवाले तालीम करतात, नाटकवाले करतात. आणि माझ्या काळी नर्सिंगची मुलगी आयुष्यातलं पहिलं इंजेक्शन थेट जिवंत माणसाला द्यायची. त्याआधी फार तर मोसंबीला. सिम्युलेशन म्हणजे रुग्णालयाची तालीम, एवढंच. खाट खरी, सलाईन खरं, ऑक्सिजनचा नळ खरा. रुग्ण तेवढा खोटा. कधी रबराचा डमी, कधी आजाराचं सोंग घेतलेला माणूस. मुलं त्याच्यावर उपचार करतात, चुकतात, आम्ही काचेपलीकडून बघतो, आणि मग सगळे गोल बसून काय झालं ते बोलतो. त्या खोलीत कोणी मरत नाही. तिची थोरवी काय ती एवढीच.

हा विभाग मी उभा केला, असं निरोपसमारंभात तीन जणांनी सांगितलं. मी हार घालून ऐकत बसले होते आणि मनात म्हणत होते, मला हे शिकवलं एका साचेवाल्याने, आणि तो आज इथे नाही.

गोविंद परब हे आमच्या पुढच्या चाळीत राहायचे. मूळचे मालवणकडचे, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर. माझे वडील दुसऱ्या गिरणीत थ्रॉसलला, म्हणजे सूतकताईत. परबकाकांना नाटकाचं वेड. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत दरवर्षी त्यांचं काम असायचं, आणि गावी गेले की दशावतारात बाईचं सोंग घेऊन उभे राहायचे. अंगाने किरकोळ, डोळे मोठे, आणि आवाज असा की गॅलरीच्या एका टोकाला कुजबुजले तरी दुसऱ्या टोकाला कळावं. त्यांची बायको शेवंताकाकी. मूलबाळ नव्हतं. मागच्या चाळीतली आम्हा बौद्धांची घरं आणि पुढची चाळ एका गॅलरीने जोडलेली होती; येणंजाणं होतं, हसणंबोलणं होतं. काकी आईशी तास तास बोलत दारात उभ्या राहायच्या. पाणी मात्र आमच्याकडे त्या कधी घेत नसत. आई विचारायची नाही, त्या मागायच्या नाहीत. दोघींनाही ते इतकं सवयीचं होतं, की त्यावरून कधी काही बिघडलं नाही, आणि सुधारलंही नाही.

संप सुरू झाला तेव्हा मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. हॉस्टेलमध्ये राहायचे, सुट्टीच्या दिवशी घरी यायचे. गिरण्यांचे भोंगे बंद झाले आणि पहिले काही महिने घड्याळ नसलेल्या आमच्या चाळीत कोणाला किती वाजले कळेना. पुरुषमाणसं दिवसाढवळ्या घरात दिसू लागली. ती कुठे बसणार, कुठे उभी राहणार, हेच बायकांना सुचेना.

आमच्या शाळेत शिकवण्यासाठी एक डमी होता. काचेच्या कपाटात, कुलूपबंद. ट्यूटर सिस्टर छडीने काचेवरून दाखवायच्या, "इथे फुप्फुस, इथे यकृत." हात लावायची परवानगी नव्हती, फुटला तर दुसरा कुठून आणायचा? त्यामुळे परीक्षा जवळ आली तशी मी घरी उशीला बँडेज बांधत बसायचे. एका रविवारी परबकाका गॅलरीतून चालले होते. दारात थांबले.

"काय गो सुजाता, उशीचो पाय मोडलो काय?"

"काका, परीक्षा आहे."

"मगे माझो पाय घे. तसाय तो आता खय जायत नाय."

असं म्हणून ते आमच्या खाटेवर आडवे झाले आणि त्यांनी असा काही कण्हण्याचा सूर लावला, की शेजारच्या बायका धावत आल्या. काकी पदराने तोंड दाबून हसत दारात उभ्या. मी सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. फळी लावली, पट्टी गुंडाळली, गाठ बाहेरच्या बाजूला मारली. मोठ्या अभिमानाने विचारलं, "बरोबर?"

"पट्टी बरी बांधलंस," ते कण्हणं थांबवून म्हणाले. "पण मी इतको बोंबललंय, एकदा तरी माझ्या तोंडाकडे बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं. पुढे शेकडो मुलांना हे वाक्य मी माझं म्हणून ऐकवलं.

त्या वर्षभर दर सुट्टीला काका माझे रुग्ण झाले. भाजलेले, बुडालेले, विंचू चावलेले. स्वतःहून दुखणं ठरवून यायचे. एकदा मुकी बाई होऊन आले, पदर घेऊन, आणि कुठे दुखतंय ते मला खुणांनी ओळखायला लावलं. आज कळतं, की हाताला काम नसलेल्या माणसाला त्या तासात काम मिळत होतं. तेव्हा मला फक्त माझे गुण दिसत होते.

दुसऱ्या वर्षी शेवंताकाकींना धाप लागायला लागली. हृदयाची झडप लहानपणीच खराब झाली होती, कोणाला कळलं नव्हतं. त्यांना आमच्याच रुग्णालयात आणलं, बायकांच्या वॉर्डात, आणि माझी नेमणूक तेव्हा तिथेच होती. काका रोज चारच्या भेटीच्या वेळी पेजेचा डबा घेऊन यायचे. शिवडीपासून लालबागपर्यंत कुठे हमाली मिळाली तर करून, नाही तर नुसते चालत.

आठव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास काकी गेल्या. मी खाटेजवळ होते. पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. चादर ओढली, पडदे लावले. चार वाजत आले. स्टाफ सिस्टरनी मला बाजूला घेतलं. "तुझ्या चाळीतले ना ते? तूच सांग त्यांना. डॉक्टर ओपीडीत अडकलेत."

मी हो म्हटलं. काका वॉर्डाच्या दारात दिसले. हातात डबा. मी त्यांच्या दिशेने चार पावलं टाकली असतील. मग वळले आणि शेजारच्या खाटेच्या पडद्यामागे जाऊन उभी राहिले.

किती वेळ, सांगता येत नाही. काकांनी कोणाला तरी हाक मारल्याचं ऐकू आलं. मग तिथल्या आयाचा आवाज. ती वाईट बाई नव्हती, घाईत होती. "डबा परत न्या, बाई खलास झाली."

मी बाहेर आले तेव्हा काका तिथे नव्हते.

त्यांची गिरणी पुन्हा उघडली नाही. ज्या उघडल्या त्यांनीही कित्येकांना आत घेतलं नाही. ते कॉटन ग्रीनला एका गोदामावर पहारेकरी झाले. मी नर्स झाले, लग्न झालं, अँटॉप हिलला नवऱ्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेले. आईकडे यायचे तेव्हा मागच्या जिन्याने यायचे. पुढच्या जिन्याने आलं की परबांची खोली लागायची.

ट्यूटर होऊन काही वर्षं झाली आणि आमच्या वरिष्ठ बाईंनी मला चादरींची जुनी कोठी दिली. "सराव, सराव म्हणून डोकं खातेस ना? घे ही खोली." काचेच्या कपाटातला डमी मी पहिल्या दिवशी बाहेर काढला. महिनाभरात त्याचा एक कान तुटला आणि मला फार समाधान वाटलं. मुलींचे हात बसू लागले. नळी घालणं, सलाईन लावणं, छाती दाबणं, सगळं सफाईदार. आणि एक दिवस मी दारातून बघितलं. चौघीजणी डमीचं ड्रेसिंग बदलत होत्या आणि त्याच्या अंगावरून एकमेकींशी सिनेमाच्या गप्पा मारत होत्या. हात चोख चालले होते. डमीला काय, राग येत नाही. आणि मला दिसलं, की मी त्यांना नेमकं हेच शिकवते आहे.

मला असा रुग्ण हवा होता, ज्याला राग येईल. नाव एकच सुचत होतं. ते तोंडावर आणायला मला दोन महिने लागले.

एका संध्याकाळी पुढच्या जिन्याने चढले. काका गॅलरीत गोधडी झटकत होते. केस पांढरे झालेले. मी धाप लागल्यासारखं सगळं एका दमात सांगितलं. मुलींसमोर आजारी माणसाचं सोंग घ्यायचं, तेच तेच दहा वेळा, चुकणाऱ्या पोरींना सांभाळून. त्यांनी गोधडी खाली ठेवली.

"पार्ट काय हा?"

"मधुमेहाचा रुग्ण. पायाला जखम. चोरून गोड खातो, पण कबूल करत नाही."

"घरात कोण कोण आसा तेच्या?"

ते मी ठरवलंच नव्हतं.

"अगो, घरात कोण आसा ता कळल्याशिवाय तो खोटा कित्याक बोलता, ता माका कसा कळतला?"

तेव्हापासून आमच्या प्रत्येक रुग्णाला घर मिळालं. नाव, गाव, बायको, न लिहिलेलं पत्र, कामावरचा मुकादम. कागदावर आजार मी लिहायचे, माणूस काका लिहायचे. मुलींना घाम फोडायचे ते. एखादीने "आजोबा, काही होत नाही" म्हटलं की विचारायचे, "तुका कसा ठाऊक?" आणि पोरगी गडबडायची. सोंगात रक्त लागलं की ते कोकमाचं आगळ आणि साबुदाण्याची खळ शिजवून आणायचे. साचेखात्याशेजारी खळीचं खातं असायचं, तिथलं कसब. त्यात किती वेळाने काळपटपणा यायला हवा, हे त्यांनी बघून बघून बसवलं होतं. सगळ्या मजल्यावर सोलकढीचा वास यायचा. एकदा वरच्या मजल्यावरचे एक सर्जन नाक वर करून आत आले आणि म्हणाले, "आज काय मासे आहेत का?"

मग परदेशी डमी आला. मोठ्या पेटीतून, हातमोजे घालून उघडायचा. तो डोळे मिचकावतो, त्याची छाती वरखाली होते, नाडी लागते, संगणकावरून त्याला झटका आणता येतो. रंगाने गोरापान. त्याच्या घशात स्पीकर होता आणि त्यात कुठल्याशा देशातल्या माणसाने इंग्रजीत कण्हून ठेवलं होतं. ते ऐकून आमच्या मुली हसत सुटायच्या. शेवटी मी काचेमागे मायक्रोफोनवर काकांना बसवलं. उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. एका विद्यार्थ्याने वाकून विचारलं, "काय त्रास होतोय?" आणि तो गोरा डोळे मिचकावत म्हणाला, "सकाळपासना छातीत कळ मारता रे, घराकडे कोणाक सांगू नको, झिला."

पाहुण्यांपैकी एक गृहस्थ सावंतवाडीचे निघाले. ते फीत कापायची विसरून डमीशी बोलत उभे राहिले.

त्या वर्षांत मी फार सुखात होते. हे लिहिताना कळतंय. दुपारी तीन वाजता, दोन वर्गांच्या मधे, आम्ही कोठीच्या खिडकीत चहा प्यायचो. खाली परळची वर्दळ, समोर बंद गिरणीची चिमणी. काका उद्याच्या माणसाबद्दल बोलायचे. "तेका मुलगी आसूक व्हयी. मुलगो नको. मुलगी आसली तर तो रडूचो नाय." काकींचा विषय ते काढत नसत, मी काढत नसे. मी मनाशी धरून चालले होते, की त्यांना ठाऊक नाही. त्या दिवशी मी सुट्टीवर असेन, असं त्यांना वाटत असेल.

पुढे मी डॉक्टरांसाठी एक नवा वर्ग सुरू केला. वाईट बातमी कशी सांगायची. औषधांच्या पुस्तकात ते कुठे नसतं. प्रसंग साधा लिहिला होता: रस्त्यावरचा अपघात, तरुण मुलगा दगावला, बाप बाहेर बाकावर बसलाय, त्याला सांगायचं. बाप अर्थात परबकाका. समोर निखिल नावाचा हुशार, घाईचा रेसिडेंट डॉक्टर. काचेमागे मी एकटी. माझ्याकडे एक बटण असायचं. ते दाबून "थांबा" म्हटलं की प्रसंग तिथेच संपायचा. कोणालाही खरंच त्रास होतोय असं वाटलं तर ते दाबायचं, हा मीच केलेला नियम.

निखिल आला आणि उभ्याउभ्याच बोलला. "आम्ही सगळे प्रयत्न केले. ही इज नो मोअर. पुढच्या फॉर्मॅलिटीज सिस्टर सांगतील."

काका बघत राहिले. कागदावर बापाने इथे ओरडायचं होतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी मांडीवरचे हात असे धरले, जणू त्यांत काही आहे, आणि हलकेच विचारलं, "मगे डबो परत न्हेव?"

त्या प्रसंगात डबा नव्हता.

माझं बोट बटणावर होतं. मी ते दाबलं नाही. मी स्वतःला सांगितलं, काय अभिनय करतात काका! हे मी खरंच मनात म्हटलं. दुसरं काही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

"कुठला डबा?" निखिलने गोंधळून विचारलं. काकांनी हात तसेच धरून ठेवले होते. मग त्याने स्टूल ओढलं, त्यांच्यासमोर बसला, त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि काचेकडे वळून म्हणाला, "मॅडम, थांबवा. हे खरं आहे."

बटण मी तेव्हा दाबलं. एका पंचवीस वर्षांच्या मुलाला जे दिसलं ते मला दिसूनही मी बघितलं नव्हतं.

त्या दिवशीचा वर्ग तिथेच संपवला. काका कोठीत मोरीवर तोंड धूत होते. मी दार लावून घेतलं.

"काका, त्या दिवशी मी वॉर्डात होते."

"माका ठाऊक आसा."

"मी पडद्यामागे..."

"तुझे पांढरे बूट दिसत होते गो. पडद्याखालसून." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "नवे होते. शेवंता हॉस्पिटलात येवच्या आदल्या रविवारी तू तिका दाखवूक आणलेलंस."

इतकी वर्षं. तो चहा, ते आगळ, तो गोरा डमी, आणि या माणसाला सगळं माहीत होतं.

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलतलंय? लहान चेडू होतंस तू." ते चादरींच्या जुन्या पेटीवर बसले. त्यांनी पंचा पिळला. मग म्हणाले, "आता सांग."

"काय?"

"तेव्हा सांगूचा ऱ्हवला ता."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. हा वर्ग मी स्वतः लिहिला होता. काय म्हणायचं, काय म्हणायचं नाही, किती थांबायचं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"काका, शेवंताकाकी गेल्या," मी म्हटलं. "तीन वाजता. मी तिथे होते. त्या एकट्या नव्हत्या."

ते मान हलवत होते.

"फार धाप लागली होती. मग कमी झाली. त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं."

त्यांनी मान वर केली. "तुझ्याकडे?"

"हो. मी चमच्याने दिलं."

"पिल्यान?"

"दोन चमचे."

पुढच्या चाळीतल्या त्या बाईने मागच्या चाळीतल्या मुलीकडे पाणी मागितलं, याचा अर्थ आम्हा दोघांनाही वेगळा समजवायची गरज नव्हती.

"आणि काय सांगल्यान?"

"म्हणाल्या, 'तेंका सांग, पेजेत मीठ घालूक इसरतत ते. आठ दिवस अळणी पेज खातंय.'"

काका आधी हसले. खरंच हसले, खांदे हलवून. "आठ दिवस! आठ दिवस बोल्ली नाय ती माका!" मग तेच हसणं मोडत गेलं आणि त्यांनी पंच्यात तोंड घातलं. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले. एक साधा निरोप होता. चार पावलं पुढे गेले असते तर त्याच दिवशी पोचला असता. तो मी वीस वर्षांहून जास्त माझ्याजवळ ठेवून घेतला होता. मी माफी मागितली. ते म्हणाले, "गप ऱ्हव गो," आणि थोड्या वेळाने, "दोन चमचे तरी पिल्यान."

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा कामावर आले. बापाचा पार्ट मात्र त्यांनी परत घेतला नाही आणि मीही दिला नाही. त्याऐवजी ते वर्गात बसायला लागले, मुलांच्या मागे, आणि कोणी बातमी नीट सांगितली नाही की मला नजरेने खूण करायचे.

मग आमच्या चाळी पाडायचं ठरलं. संक्रमण शिबिरात राहणं काकांना नको होतं. त्यांनी खोली पुतण्याच्या नावावर केली आणि गावी गेले. जाताना मला म्हणाले, "पार्ट आसलो तर बोलव." मी बोलावते म्हटलं. विभागाला नवी जागा मिळाली, वातानुकूलित, चार खोल्यांची. शिकलेले कलाकार मिळू लागले, ते ईमेलवर आजार मागवायचे. त्यांच्यात उणं काढण्यासारखं काही नव्हतं. तरी कोणी आत येऊन "घरात कोण आसा तेच्या?" विचारेल म्हणून मी उगाच दाराकडे बघायचे. काकांना बोलवायचं राहून गेलं. फोन करायचे, पण वय झालेल्या माणसाला एवढ्या लांबून कशाला त्रास द्यायचा, असं म्हणून विषय टाळायचे. त्रास नव्हे, त्यांना तेच हवं होतं, हे मला कळत होतं.

मी निवृत्त झाले. चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत आईच्या वाट्याला आलेल्या घरात मी आता राहते, चौदाव्या मजल्यावर. इथे गॅलरी नाही. लिफ्टमध्ये शेजारी भेटतात आणि मोबाइलकडे बघतात.

गेल्या वर्षी एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"सुजाता मॅडम का? मी अश्विनी बोलतेय. मालवणकडच्या एका आरोग्य केंद्रात मी सिस्टर आहे. गोविंद परब आजोबांनी तुमचा नंबर दिला होता. तुमच्याशी आता बोललं तर चालेल? घरात कोणी आहे ना सोबत?"

कोणी नव्हतं. मी आहे म्हटलं. मला पुढचं कळलं होतं, पण तिने ते माझ्या कळण्यावर सोडलं नाही.

"मॅडम, बातमी चांगली नाही. आजोबा आज सकाळी गेले."

तिने "एक्स्पायर" म्हटलं नाही. पुढे घाई केली नाही. ती थांबली, आणि मी "सांग" म्हणेपर्यंत थांबून राहिली.

काका दर मंगळवारी तिच्या केंद्रात यायचे म्हणे. दर वेळी नवं दुखणं घेऊन. "आधी आम्हाला वाटलं आजोबांचं डोकं फिरलंय. एकदा आमच्या डॉक्टरांनी त्यांना रागावून हाकलूनसुद्धा दिलं. मग एक दिवस ते मला म्हणाले, 'गो, मी मुंबैच्या हॉस्पिटलात नोकरीक होतंय. तुका शिकवतंय, गप ऱ्हव.' तेव्हापासून आम्ही सगळ्या जणी मंगळवारची वाट बघायचो. आजोबा आज काय आणतात म्हणून."

"आणि आज?"

"आज मंगळवार नव्हता, मॅडम. येऊन बाकावर बसले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी काही सोंग घेतलं असतं ना, तर मी घाबरले नसते." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "गाडी बोलावली. मी सोबत होते. वाटेत गेले. एकटे नव्हते, हात धरला होता मी."

मी खिडकीशी उभी होते. खाली उड्डाणपुलावरून गाड्या चालल्या होत्या.

"मॅडम, एक विचारू?" ती म्हणाली. "राग मानू नका. असं कोणाला सांगायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. आजोबांनी सराव करून घेतला होता, पण खरंखुरं आजच. मी नीट सांगितलं का?"

आयुष्यभर मी या प्रश्नाची उत्तरं दिली. कोणाला दहापैकी सात, कोणाला आठ, कोणाला "इथे जरा थांबायला हवं होतंस." त्या मुलीला मी कधी पाहिलेलं नाही. ती माझ्या एकाही वर्गात बसली नव्हती.

"नीट सांगितलंस," मी म्हटलं. "फक्त आता लगेच फोन ठेवू नकोस."

"नाही ठेवत," ती म्हणाली.

ती तिकडे, मी इकडे, दोघी काही न बोलता फोन कानाला लावून राहिलो. तिच्या बाजूला कोणीतरी अंगण झाडत होतं. खराट्याचा आवाज बराच वेळ येत होता.